दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि जुन्या लेन्स : दुरुस्ती-विक्रीचे दुकान सुरू करणाऱ्यांसाठी

चष्म्याचे दुकान प्रत्येक पेठेत सापडते. परंतु दुर्बिणीतून एकाऐवजी दोन चित्रे दिसू लागली, प्रयोगशाळेतल्या मायक्रोस्कोपचे ४० पटीचे भिंग धूसर झाले किंवा वडिलांच्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये बुरशीची जाळी पसरली, तर ती वस्तू कोणाकडे न्यावी हे आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही चटकन सांगता येत नाही. ही गरज खरी आहे आणि ती भागवणारे हात थोडे आहेत. हे काम शिकून त्यावर उदरनिर्वाह करू इच्छिणाऱ्यांसाठी मी कामाचा क्रम येथे मांडत आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो. हा व्यवसाय तपासणीच्या कागदावर उभा राहतो. वस्तू उघडण्याआधी तिची अवस्था किती अचूक पाहिली आणि किती खरेपणाने लिहून दिली, यावरच दुरुस्तीचा दर, नकार देण्याचा निर्णय आणि पुढे विक्रीची किंमत ठरते.

पहिली पायरी : कामाची मर्यादा आखून घ्या

नवशिक्याने सुरुवातीला तीन प्रकारची कामे घ्यावीत: पोरो लोलकांच्या साध्या दुर्बिणी, शाळा-महाविद्यालयांतले व पॅथॉलॉजी प्रयोगशाळांतले मायक्रोस्कोप आणि हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स. पोरो रचनेची दुर्बीण ओळखणे सोपे असते. तिची पुढची भिंगे डोळ्याकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांपासून अधिक दूर असतात आणि नळीला मध्येच खांदा असतो. इग्नाझिओ पोरो या इटालियन शोधकाने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना उघडून पाहिली की समजते, आणि तिच्यात जुळवणीला वावही असतो.

सरळ नळीच्या, म्हणजे रूफ लोलकाच्या दुर्बिणी मात्र पहिली दोन वर्षे परत पाठवाव्यात. त्यांतल्या चांगल्या दुर्बिणींत नायट्रोजन भरून नळ्या बंद केलेल्या असतात. त्या एकदा उघडल्या की रबराची कडी बदलून पुन्हा वायू भरल्याशिवाय त्यांचे जलरोधकपण परत येत नाही. स्वयंचलित फोकसच्या आधुनिक लेन्सचेही तसेच आहे. त्यांतला बिघाड बहुधा मोटर, सर्किट किंवा लवचीक पट्टीत असतो आणि ते काम निराळ्या कारागिराचे आहे. एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मधोमध बुरशी किंवा फुगा दिसला तरीही नम्रपणे नकार द्यावा. जुन्या काळी ही भिंगे कॅनडा बाल्सम नावाच्या राळेने चिकटवत असत. ती सोडवून पुन्हा एका अक्षावर बसवण्याचे कौशल्य पुस्तकातून येत नाही.

दुसरी पायरी : जागा आणि अवजारे

खोली लहान चालेल, पण धूळ नको. कामाच्या टेबलावर छताचा पंखा नसावा. टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकावी आणि वर फिकट रंगाची रबरी चटई अंथरावी, म्हणजे दीड मिलिमीटरचा स्क्रू घरंगळून फरशीवर जात नाही. आर्द्रता मोजणारे यंत्र पहिल्याच दिवशी घ्या. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर राहते आणि ६०-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिलेल्या काचेवर बुरशी धरते. म्हणून ग्राहकांच्या वस्तू ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्येच ठेवाव्यात. तेवढे भांडवल नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यानेही काम भागते. निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते ११०-१२० अंश सेल्सियसला तापवून पुन्हा वापरता येते. मात्र ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते तो त्यासाठी वापरू नये, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो.

अवजारांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्क्रूड्रायव्हर. जुन्या जपानी लेन्स आणि दुर्बिणींतले अधिक-चिन्हाचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. आपल्याकडे सर्रास मिळणारा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोके खरवडतो. जपानी मानकाचा एक चांगला संच घ्या. स्वस्त दहा संचांपेक्षा तो पुरतो. त्याशिवाय खाचा असलेली वर्तुळाकार कडी उघडण्याचा लेन्स स्पॅनर, खाचा नसलेल्या कड्यांसाठी निरनिराळ्या मापांचे रबरी बूच, हवेचा फुगा, मऊ ब्रश, लेन्स टिश्यू, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, पातळ व घट्ट अशी दोन प्रकारची ग्रीस आणि एक मजबूत तिपाई एवढे साहित्य सुरुवातीला पुरे आहे. ॲसिटोन दुकानात ठेवले तरी हाताशी ठेवू नये. रंग, प्लास्टिक आणि भिंगांचा चिकटा या तिन्हींना ते खाते.

तिसरी पायरी : भंगारावर हात बसवा

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मोडक्या दुर्बिणी आणि अडकलेल्या लेन्स अजूनही मिळतात. त्या घ्या, उघडा, जोडा आणि पुन्हा उघडा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढण्याची सवय याच काळात लावावी. लोलक काढण्याआधी त्याच्या घासलेल्या, अपारदर्शक बाजूवर पेन्सिलीने खूण करा; डावा-उजवा आणि वरचा-खालचा लोलक एकदा मिसळला की जुळणी पूर्ववत होत नाही. लेन्सच्या फोकसच्या आट्यांना एकाहून अधिक तोंडे असतात. त्या कोणत्या बिंदूला सुटल्या याची खूण केली नसेल तर परत लावताना चुकीच्या तोंडातून आटा जातो, लेन्स व्यवस्थित फिरते आणि तरीही दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. मी सुरुवातीला एक लेन्स याच चुकीमुळे सलग तीन संध्याकाळी उघडत बसलो होतो.

निदान वीस-पंचवीस वस्तू स्वतःच्या पैशाने बिघडवून आणि दुरुस्त करून झाल्याखेरीज दुसऱ्याची वस्तू हाती घेऊ नये. परावर्ती दुर्बिणींची ओढ असेल तर हौशी खगोल मंडळांशी जोडून घ्या. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करत आहे. आरसा कसा धुवावा आणि त्याचा अक्ष कसा जुळवावा हे अशा मंडळींत प्रत्यक्ष पाहायला मिळते, आणि पुढचे ग्राहकही तेथेच भेटतात.

चौथी पायरी : वस्तू ताब्यात घेताना

ग्राहक समोर असतानाच तपासणी करा. कागदावर वस्तूचे नाव, क्रमांक, सोबतची झाकणे व पट्टा, बाहेरचे पोचे, काचेवरचे ओरखडे, बुरशी, तेलकट धूर, फोकसचा घट्टपणा आणि पडद्याच्या पात्यांची हालचाल हे सारे लिहा, ग्राहकाची सही घ्या आणि प्रत त्याला द्या. बुरशी व ओरखडे पाहण्यासाठी एलईडी टॉर्च मागच्या बाजूने तिरपी धरावी. समोरून पाहिल्यास स्वच्छ वाटणारी लेन्स तिरप्या प्रकाशात आपले सगळे दोष दाखवते. त्या कागदावर आणखी दोन ओळी असाव्यात: काम केल्यावर काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही. दुसरी ओळ लिहिण्याचा धीर ज्याला होतो त्याच्याकडे माणसे परत येतात.

तपासणीचे शुल्क वेगळे आणि आधी सांगून घ्यावे. दुरुस्ती परवडणार नाही असे प्रामाणिकपणे सांगण्यातही तुमचा अर्धा तास आणि अनेक वर्षांचे शिक्षण खर्च झालेले असते. ग्राहकाने होकार दिल्यावर दरपत्रकातली रक्कम वाढवायची वेळ आली, तर काम थांबवून फोन करावा.

कायद्याचा भागही येथेच समजून घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी तुम्ही घेतली पाहिजे. आणि कलम १७० प्रमाणे, वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले असेल तर उलट करार नसल्यास ठरलेला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क राखून ठेवण्याचा आहे, परस्पर विकण्याचा नाही. म्हणून न नेलेल्या वस्तूंचे काय करायचे याची अट पावतीवर आधीच छापावी आणि ती वकिलाकडून एकदा तपासून घ्यावी.

पाचवी पायरी : बुरशीचे काम

आपल्या हवामानात सर्वाधिक येणारे काम हेच आहे. बुरशीचे धागे काचेच्या पृष्ठभागावर वाढतात आणि त्यांतून स्रवणारी आम्ले आधी काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप व नंतर काच कोरतात. बुरशी पुसली जाते, पण कोरलेली खूण राहते. ग्राहकाला हा फरक आधीच समजावला नाही तर वाद ठरलेला आहे.

सफाईचा क्रम मोडू नका. प्रथम फुग्याने हवा मारून सुटी धूळ उडवा, मग ब्रश फिरवा आणि त्यानंतरच ओला टिश्यू लावा. धुळीचा एक कण टिश्यूखाली राहिला तर तोच ओरखडा पाडतो. टिश्यूवर अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे चक्राकार पुसावे, आणि एकदा काचेवरून फिरलेला टिश्यू पुन्हा वापरू नये. अल्कोहोलने न सुटणाऱ्या बुरशीला सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटे लावून पाहता येते, मात्र ते फक्त सुट्या काढलेल्या भिंगावर. नळीत बसलेल्या भिंगावर द्रव ओतला की तो कडेने आत शिरतो.

लेपाबद्दल येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हवेला लागलेले दहा पृष्ठभाग असतील तर डोळ्यापर्यंत जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकेरी लेप हे प्रमाण दर पृष्ठभागामागे दीड टक्क्याच्या आसपास आणतो. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी हे तंत्र १९३५ मध्ये विकसित केले. त्यामुळे त्याआधीच्या दुर्बिणींवर लेप नसतो, आणि सुरुवातीच्या काळातले लेप इतके मऊ असतात की जोराने पुसले तरी उतरतात. डाग घालवण्यासाठी पॉलिशची पेस्ट वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. डागाबरोबर लेपही जातो आणि पृष्ठभागाचा आकारही बिघडतो. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम असते, वयोमानाने ती पिवळी-तपकिरी होते. असा पिवळेपणा अतिनील प्रकाशात ठेवल्याने कमी होतो. ती काच घासणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तिची किरणोत्सारी धूळ श्वासातून आत जाणे धोक्याचे आहे.

सहावी पायरी : दुर्बिणीची जुळवणी

“डबल दिसतंय” किंवा “थोडा वेळ पाहिलं की डोकं दुखतं” या दोन्ही तक्रारी बहुधा एकाच बिघाडाच्या असतात. दुर्बीण पडली, लोलक जागचा हलला आणि दोन नळ्यांचे अक्ष समांतर राहिले नाहीत. थोडा फरक असेल तर मेंदू दोन्ही चित्रे ओढून एकत्र आणतो आणि डोळ्यांचे स्नायू त्याची किंमत मोजतात. फरक वाढला की चित्रे उघड दुभंगतात. आपले डोळे आत वळण्यास सरावलेले असल्याने चित्रे किंचित आतल्या बाजूला सरकलेली असतील तर ते सहन करतात, पण वर-खाली झालेला किंवा बाहेरच्या बाजूला गेलेला फरक त्यांना फार थोडा चालतो. म्हणून जुळवणी करताना उभा फरक सर्वांत आधी काढावा.

चाचणीसाठी दुर्बीण तिपाईवर घट्ट बसवून निदान अर्धा-एक किलोमीटर दूरची स्पष्ट आडवी रेषा पाहावी. पुण्यात गच्चीवरून पर्वतीवरच्या देवळाचा माथा दिसत असेल तर उत्तम. अन्यथा दूरच्या इमारतीचा कठडा किंवा विजेची तार चालते. डोळे नेत्रिकांपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांपासून, वीतभर मागे घ्या, म्हणजे दोन प्रकाशवर्तुळे वेगळी दिसतात आणि त्या दोन्हींतली रेषा एकाच उंचीवर आहे की नाही हे मेंदूच्या मदतीवाचून कळते. फार वेळ टक लावून पाहू नका. डोळे फरकाला जुळवून घेतात आणि बिघडलेली दुर्बीण ठीक वाटू लागते. रात्री एक तारा घेऊन एका बाजूचा फोकस मुद्दाम बिघडवावा. स्पष्ट ठिपका धूसर तबकडीच्या मध्यात पडला पाहिजे.

जुळवणीचे साधन दुर्बिणीनुसार बदलते. बहुतेक साध्या जपानी दुर्बिणींत आवरणाच्या कातड्याखाली लोलक किंचित कलवणारे बारीक स्क्रू असतात. जुन्या जर्मन व ब्रिटिश बनावटीत पुढच्या भिंगाभोवती एकात एक बसणारी दोन विकेंद्री कडी असतात आणि ती फिरवली की भिंग बाजूला सरकते. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवावा.

आता नवशिके जेथे हमखास फसतात ती गोष्ट. दोन नळ्यांचे अक्ष एकमेकांना समांतर असणे पुरेसे नसते. ते मधल्या बिजागरीच्या अक्षालाही समांतर असावे लागतात. तसे नसेल तर तुमच्या डोळ्यांच्या अंतरावर जुळलेली दुर्बीण ग्राहकाने थोडी मिटली किंवा उघडली की पुन्हा दुभंगते. तुम्ही खरे बोलत असता, ग्राहकही खरे बोलत असतो आणि तरीही दोघांना वेगळे दिसते. म्हणून अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तिन्ही अंतरांवर चाचणी घ्या आणि तिन्हींचा निकाल कागदावर लिहा. पूर्ण जुळवणी साधत नसेल तर ग्राहकाच्या डोळ्यांमधले अंतर मोजून त्या अंतरापुरती जुळवणी करता येते, पण तसे स्पष्ट लिहून द्यावे. घरातली लहान मुले तीच दुर्बीण वापरणार असतील तर हे सांगणे फारच महत्त्वाचे ठरते.

सातवी पायरी : मायक्रोस्कोप

नियमित उत्पन्न येथून येते. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप टेबलावर घेण्यापूर्वी हातमोजे घालून तो ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावा; त्यावर रक्ताचे किंवा थुंकीचे अंश असू शकतात.

४० पटीचे भिंग खराब झाले आहे, नवे द्या, अशी मागणी वारंवार येते. नवे विकण्याआधी ते भिंग काढून, एक नेत्रिका उलटी धरून तिचा भिंगासारखा उपयोग करा आणि पुढची काच पाहा. १०० पटीच्या भिंगासाठी स्लाइडवर टाकलेले तेल नोजपीस (भिंगे बसवलेली फिरती चकती) परत फिरवताना ४० च्या काचेला लागते आणि त्याचा पापुद्रा तेथे वाळून बसतो. लेन्स टिश्यू आणि थोडेसे अल्कोहोल एवढ्यावर ते भिंग पुन्हा लख्ख होते. काच स्वच्छ असूनही चित्र धूसर असेल तर स्लाइड उलटी ठेवलेली आहे का ते पाहा. ही भिंगे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हर स्लिपसाठी घडवलेली असतात आणि त्याऐवजी मधे स्लाइडची जाड काच आली की चित्र बिघडते. जुने सीडरचे तेल वाळून दगडासारखे झाले असेल तर ते टप्प्याटप्प्याने मऊ करावे, नखाने किंवा टोकदार वस्तूने कधीही खरवडू नये.

सुटे भाग अंबाल्याहून मागवता येतात. हरियाणातले ते शहर वैज्ञानिक उपकरणांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. मागवताना भिंगाची लांबी, १६० मिलिमीटर नळीचे की अनंत रचनेचे (ठरावीक नळीलांबीशी न बांधलेले) आणि नेत्रिकेचा व्यास, बहुधा २३.२ मिलिमीटर, हे मोजून कळवावे.

आठवी पायरी : विक्री

दुरुस्तीत शिकलेले सारे विक्रीत उपयोगी पडते. भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्या ग्राहकाला ८×४२ ची, म्हणजे ८ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची, दुर्बीण द्यावी. ४२ भागिले ८ म्हणजे नेत्रिकेतून बाहेर पडणारे ५.२५ मिलिमीटरचे प्रकाशवर्तुळ सकाळच्या मंद उजेडातही पुरते, आणि ८ पट चित्र हातात स्थिर राहते. आकाश पाहण्यासाठी १०×५० चांगली, पण बहुतेकांना तिपाईचा आधार लागतो. चष्मा लावणाऱ्याला नेत्रिकेपासून १५ मिलिमीटर किंवा अधिक अंतरावरून पूर्ण चित्र दिसणारी दुर्बीणच दाखवावी. स्वस्त दुर्बिणींवर छापलेले ४०×६० सारखे आकडे तपासायला पट्टी पुरते: प्रकाशवर्तुळाचा व्यास मोजा आणि पुढच्या भिंगाच्या व्यासाला त्याने भागा, खरी पट निघते. पुढच्या काचेवरचा भडक लाल लेप तांबडा प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट करतो. अशा दुर्बिणी मी ठेवत नाही.

एका वस्तूबाबत तडजोड करू नका. नेत्रिकेत बसवायचे सूर्यदर्शनाचे छोटे काळे फिल्टर जुन्या खगोलीय दुर्बिणींबरोबर येतात. ते एकवटलेल्या उष्णतेने तडकतात आणि पाहणाऱ्याचा डोळा कायमचा जातो. असे फिल्टर विकत घेतलेल्या संचात आले तर फोडून टाकावेत. सूर्यासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा प्रमाणित फिल्टरच द्यावा.

जुन्या लेन्सना अलीकडे पुन्हा मागणी आहे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत माउंटपासून (लेन्स बसण्याच्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचे अंतर कमी, सोनी ई मध्ये १८ मिलिमीटर, तर जुन्या निकॉन एफ मध्ये ते ४६.५ मिलिमीटर होते. मधल्या जागेत साधा अडॅप्टर बसतो. लेन्स विकताना तिरप्या टॉर्चच्या प्रकाशातले छायाचित्र जाहिरातीत आवर्जून द्या आणि तपासणीचा कागद लेन्सबरोबर पाठवा.

नववी पायरी : कागदपत्रे

एकट्याने किंवा एखाद्या मदतनिसासह दुकान चालवत असाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. वस्तूंबरोबर दुरुस्तीची सेवाही देत असल्याने जीएसटी नोंदणीसाठी वार्षिक २० लाखांची मर्यादा धरून चालावे. जुन्या वस्तूंच्या विक्रीत जीएसटीच्या नियम ३२(५) चा लाभ होतो: खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल आणि वस्तूचे स्वरूप बदलले नसेल, तर कर केवळ खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. ६,००० रुपयांना घेतलेली दुर्बीण ९,००० ला विकली तर करपात्र मूल्य ३,००० रुपये. यासाठी प्रत्येक खरेदीची पावती, विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत आणि वस्तूचा क्रमांक नोंदवहीत हवा. चोरीचा माल दुकानात शिरू नये म्हणूनही ही नोंद आवश्यक आहे.

दहावी पायरी : वर्षाचा क्रम

जून ते सप्टेंबर बुरशीची कामे येतात, पण भर पावसात वस्तू उघडायच्या तर खोलीत वातानुकूलन किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र हवे. ते नसेल तर वस्तू कोरड्या डब्यात ठेवून कोरडे दिवस येईपर्यंत थांबण्याची परवानगी ग्राहकाकडून घ्यावी. दुर्बिणींची जुळवणीही याच काळात अडते, कारण दूरची रेषा दिसतच नाही. ऑक्टोबरपासून पक्षी पाहणारे व आकाश पाहणारे येऊ लागतात, तेव्हा विकायच्या दुर्बिणी गणपतीपर्यंत तयार ठेवाव्यात. महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिक परीक्षांआधी, डिसेंबर-जानेवारीत, त्यांच्या मायक्रोस्कोपची फेरी करावी आणि वार्षिक देखभालीचे दरपत्रक फेब्रुवारीच्या आतच द्यावे, म्हणजे ३१ मार्चपूर्वी ते मंजूर होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत, प्रयोगशाळा रिकाम्या असताना, सगळे मायक्रोस्कोप एका ठिकाणी मांडून सलग काम करता येते.